‘व्हायला पाहिजे होतं’ या वाक्याचा टंच काढा

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि सुरुवात व्याकरणानं आहे. पण पळू नका, शेवटी पुराच्या पाण्यातच उतरायचं आहे.

इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासात एक धडा हमखास असतो. वुड हॅव, कुड हॅव, शुड हॅव, माइट हॅव, मस्ट हॅव. वेळ निघून गेलेली आहे, पण गोष्ट घडलेलीच नाही, अशा वेळी इंग्रजी बोलणारा माणूस हे वापरतो. ‘आय वुड हॅव कम’ म्हणजे आलो असतो, पण आलो नाही. ‘कुड हॅव कम’ म्हणजे येता आलं असतं. ‘शुड हॅव कम’ म्हणजे यायला पाहिजे होतं. ‘मस्ट हॅव’चं काम जरा वेगळं. चपला दिसत नाहीत, म्हणजे पाहुणा गेला असणार, हा पुरावा बघून बांधलेला अंदाज.

पोरं हे घोकतात आणि पालक कौतुकानं सांगतात, इंग्रजी बघा किती नेमकी, मराठीत असलं काही नाही. हे साफ खोटं आहे. वर प्रत्येकाला मराठी जोड मी दिलीच की, कुठं अडलो का? ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं’ ही म्हण ज्या भाषेत आहे, तिला न घडलेल्या गोष्टीचं व्याकरण कुणी शिकवायचं? आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याला संकेतार्थ म्हणतात. आपण जर-तरच्या दोन्ही बाजूंना ‘असतं’ लावतो: सांगितलं असतंस तर आलो असतो. म्हणून तर आपली पोरं इंग्रजीतही दोन्हीकडं ‘वुड हॅव’ लावतात आणि मार्क घालवतात. इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला नुसतं ‘हॅड’ येतं. पोरगं चुकतं ते मराठी पक्की असल्यामुळं, हे मास्तरांनी एकदा तरी सांगावं.

एका ठिकाणी तर मराठी इंग्रजीच्या पुढं आहे. ‘ही माइट हॅव ड्राउन्ड’ याचे दोन अर्थ होतात. एक, बुडाला असेल, माहीत नाही. दुसरा, बुडाला असता, पण वाचला. मराठीत ‘असेल’ आणि ‘असता’ यांची गफलत होत नाही. पुराच्या रात्री नदीकाठच्या घरात बसलेल्या बाईला या दोन शब्दांतला फरक विचारा. एका शब्दावर ती हंबरडा फोडेल, दुसऱ्यावर देवापुढं दिवा लावेल. आणि आमचे काही बातमीदार इंग्रजी बातमीचं घाईघाईत भाषांतर करताना हा फरक खुशाल पुसून टाकतात!

म्हणजे हत्यार आपल्याकडं आहे, धारही आहे. मग रडगाणं कशाचं? ते वापरतंय कोण आणि कुणावर, याचं.

इंग्रजीत ‘शुड हॅव’च्या आधी कर्ता लागतो. कुणी करायला पाहिजे होतं ते सांगितल्याशिवाय साधं वाक्य उभंच राहत नाही. लपायचं असेल तर इंग्रजालाही ‘शुड हॅव बीन डन’ अशी वळणं घ्यावी लागतात. मराठीत ‘गटार साफ करायला पाहिजे होतं’ एवढं म्हटलं की वाक्य पूर्ण. कुणी? ते गाळलं तरी चालतं. भाषेनं ही सोय गप्पांसाठी दिली होती, सरकारी माणसानं तिचा आडोसा केला.

जरा कान देऊन ऐका. चूक त्यांची असली की कर्ता गायब: ‘इशारा वेळेत मिळायला पाहिजे होता’, ‘पूररेषेत बांधकामं व्हायला नको होती’. चूक आपली असली की कर्ता हजर: ‘नागरिकांनी वेळेत स्थलांतर करायला पाहिजे होतं’, ‘नागरिकांनी सहकार्य केलं असतं तर हानी टळली असती’. नागरिकांना ‘नी’ बरोबर लागतो. खात्याला ‘नं’ लावताना जीभ का अडखळते?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. त्यानंतर आपण महिनोन्‌महिने एकच जर-तर चघळत बसलो, आलमट्टीतनं आधी पाणी सोडलं असतं तर. सरकारनं नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली. समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला, आलमट्टीमुळं हा पूर आलेला नाही. बोट दाखवलं ते अतिवृष्टीकडं आणि नदीला अडवणाऱ्या अतिक्रमणांकडं. हा निष्कर्ष न पटणारे पुष्कळ आहेत. आलमट्टीची उंची वाढवायला आपला विरोध आहे, तो असायलाच पाहिजे. पण एक बघा. आलमट्टीच्या वाक्यात कर्ता कर्नाटक होता, म्हणून ते वाक्य सगळ्यांनी जोरात म्हटलं. अतिक्रमणाच्या वाक्यात कर्ता इथलाच निघाला असता. परवानगी कुणी दिली, भराव टाकताना कोण बघत बसलं, हे विचारावं लागलं असतं. ते वाक्य कुणी पूर्ण केलंच नाही. जुलै २०२१ मध्ये पाणी परत ५५ फुटांच्या वर गेलं, आणि परत तेच भाषण. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथं बैल दोनदा गेला आणि झोपा अजून चर्चेत आहे!

हुपरीत चांदी कुणी तोंडी शब्दावर घेत नाही. टंच काढल्याशिवाय भाव नाही. मग साहेबाचं आणि पुढाऱ्याचं वाक्य आपण तसंच कसं घेतो? ‘व्हायला पाहिजे होतं’ असं कुणी म्हटलं की तिथंच तीन गोष्टी विचारा. कुणी करायला पाहिजे होतं? कोणत्या तारखेपर्यंत? आणि केलं असतं तर नेमकं काय वाचलं असतं? पहिल्या प्रश्नालाच अर्ध्या वाक्यांचा मुलामा निघेल.

आणि उत्तर आलं की ते इतिवृत्तात लिहून घ्या, नाव आणि हुद्द्यासकट. पत्रकार मित्रांनो, कर्ता नसलेलं वाक्य बातमीत जसंच्या तसं छापू नका, समोरच्याला परत विचारा. पुढचा पावसाळा यायचाच आहे. त्याच्या आधी ‘करायला पाहिजे होतं’चं ‘अमक्यानं अमक्या तारखेला करायचं आहे’ एवढं झालं पाहिजे.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण कर्त्यासकट.