भाडेकरूची छत्री आणि गच्चीची किल्ली

सोसायटीत भाड्याने राहणाऱ्या माणसाची लिफ्टची घाण काढायला मदत चालते, गणपतीची वर्गणी चालते, पाण्याच्या टँकरचे जास्तीचे पैसे चालतात, पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद तर लागतोच. चालत नाही ती एक गोष्ट. गच्चीवर साठ सेंटीमीटरची डिश.

विषय किरकोळ वाटेल. "टीव्हीचं काय घेऊन बसलात, शहरात पाणी नाही" असं म्हणणारे येतीलच. पण गेली नऊ वर्षं पुण्यात भाड्याने राहतोय, चार घरं बदलली, आणि माझं मत असं झालंय की एखाद्या सोसायटीत भाडेकरूला माणूस समजतात की दर महिन्याचा चेक समजतात, हे ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे गच्चीची किल्ली.

प्रकार कसा घडतो ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको, पण फ्लॅटमालक मित्रांसाठी सांगतो. घर बघताना मालक म्हणतात, "टीव्ही पॉइंट आहे, काही काळजी नाही." टीव्ही पॉइंट म्हणजे भिंतीतलं एक चौकोनी प्लास्टिकचं झाकण. त्यामागची वायर कुठे जाते हे बिल्डर सोडून कोणालाच माहीत नसतं. मग कंपनीचा मुलगा येतो, खांद्यावर ड्रिल, हातात वायरचं भेंडोळं. विचारतो, "गच्ची उघडी आहे का?" वॉचमन म्हणतो किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी म्हणतात मालकाचं पत्र आणा. मालक नाशकात नाहीतर न्यू जर्सीत. ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितात, "सोसायटीला चालत असेल तर माझी हरकत नाही." सोसायटी म्हणते, मालकांची हरकत नसेल तर रीतसर अर्ज द्या, कमिटीसमोर ठेवू. कमिटी महिन्यातून एकदा बसते, तीही कोरम झाला तर. मुलगा बिचारा दोनदा येऊन परत जातो, तिसऱ्यांदा फोन उचलत नाही.

माझ्या एका घरात हे सात आठवडे चाललं. शेवटी उत्तर आलं: "इमारतीचं सौंदर्य बिघडतं." त्या वेळी त्याच गच्चीवर अकरा डिश होत्या. सगळ्या मालकांच्या. मी मोजल्या होत्या, कारण पाण्याची टाकी धुवायच्या दिवशी गच्ची उघडी होती. म्हणजे सौंदर्य बाराव्या छत्रीलाच बिघडत होतं!

आता कोणी म्हणेल, गच्चीच कशाला हवी, स्वतःच्या बाल्कनीत लावा. इथे थोडं शास्त्र समजून घ्या, कारण कमिट्यांमध्ये इंजिनिअर भरपूर असतात पण हे कोणी बोलत नाही. डीटीएचचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटरवर एका जागी थांबल्यासारखे असतात. आपलं पुणे साधारण 74 अंश पूर्व रेखांशावर. डीडी फ्री डिशचा जीसॅट-15 आहे 93.5 अंशावर. बाकी कंपन्यांचे उपग्रहही आपल्या पूर्वेलाच, कोणाचा 83 अंशावर तर कोणाचा 108 च्या आसपास. म्हणजे आपल्याकडून पाहिलं तर डिशचं तोंड ढोबळमानाने आग्नेयेकडेच करावं लागतं. ज्याच्या फ्लॅटच्या सगळ्या खिडक्या पश्चिमेला किंवा उत्तरेला आहेत त्याने बाल्कनीत कितीही कसरत केली तरी सिग्नल येणार नाही. मध्ये अख्खी इमारत उभी आहे. आणि आग्नेयेची बाल्कनी मिळाली तरी उपग्रह आकाशात बराच वर असतो, त्यामुळे डिश बाल्कनीच्या आत ठेवली की वरच्या मजल्याचा स्लॅब आडवा येतो. ती ग्रिलच्या बाहेर काढावी लागते. ती बाहेर दिसली की नोटीस. सौंदर्य!

म्हणजे अर्ध्याअधिक फ्लॅटना गच्चीशिवाय पर्याय नाही. भाडेकरूचा हट्ट नाही तो, दिशेचा प्रश्न आहे. घर भाड्याने घेताना माणूस स्टेशन किती लांब, शाळा कुठे, पाणी किती वाजता, हे विचारतो. उपग्रह कुठल्या दिशेला हे कोण विचारणार?

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. त्यात कलम 16 मध्ये मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर भाडेकरूला काढता येतं, पण पक्कं बांधकाम कशाला म्हणायचं नाही याची एक यादी दिली आहे. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, फॉल्स सीलिंग, एअर कंडिशनर, धुराची चिमणी. डिश त्यात नाही. कशी असेल? घरावर छोटी डिश लावून थेट वाहिन्या घेण्याला केंद्र सरकारने मंजुरीच दिली 2000 च्या नोव्हेंबरात. पहिली खासगी सेवा सुरू झाली 2003 मध्ये, दूरदर्शनची फुकट सेवा 2004 च्या डिसेंबरात. कायदा आधीचा, छत्री नंतरची. तेव्हापासून सरकारं किती आली आणि गेली, कोणाला त्या यादीत एक शब्द घालावासा वाटला नाही. आणि खरं म्हणजे घातला असता तरी आपल्यातल्या बहुतेकांना त्याचा उपयोग शून्य, कारण आपण त्या अर्थाने भाडेकरूच नाही. आपण अकरा महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्सवाले. आपला सगळा हक्क त्या करारात लिहिलेला असेल तेवढाच. आणि त्या करारात पंख्यांची संख्या असते, गिझरचा ब्रँड असतो, भिंतीला खिळा मारायचा नाही हे असतं. डिशचं नाव नसतं.

मालकाने बंद करू नयेत अशा अत्यावश्यक सेवा याच कायद्याच्या कलम 29 मध्ये आहेत: पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई. टीव्ही त्यात घाला अशी माझी मागणी नाही. पाणी आणि टीव्ही एका पारड्यात तोलायचे नसतात एवढं मलाही कळतं.

पण एक हिशेब विचारतो. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाने त्यावर मर्यादा आली, महापालिकेचे कर वगळून सेवाशुल्काच्या 10 टक्के. ही मर्यादाही सुखासुखी आली नाही, त्याआधी सोसायट्या वाटेल ते आकारत होत्या. आता हे 10 टक्के मालक भरतो, आणि मालक ते भाड्यात धरतो, हे काय लपलेलं आहे का? म्हणजे मी इथे राहतो *म्हणून* सोसायटीला जास्तीचे पैसे मिळतात. मालक स्वतः राहिला असता तर मिळाले नसते. मग ज्या माणसामुळे जास्त पैसे येतात, त्यालाच सामायिक गच्चीवर फूटभर जागा नाही, हा कुठला न्याय? पैसे घेताना तो रहिवासी, किल्ली मागताना तो उपरा.

सोसायटीची बाजूही आहे, आणि ती खोटी नाही. गच्चीच्या स्लॅबला ड्रिल मारलं की वॉटरप्रूफिंग फाटतं आणि पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या छतातून पाणी गळतं. भाडेकरू घर सोडून जातो, डिश तशीच गंजत राहते. वायरी डक्टमधून लोंबतात. वादळी वाऱ्यात सैल डिश खाली आली तर कोणाच्या डोक्यावर पडेल? या सगळ्या तक्रारी मान्य. पण ड्रिल मारूच नका ना. काँक्रीटच्या जड ठोकळ्यांवर फ्रेम ठेवून डिश उभी करता येते, स्लॅबला भोक लागत नाही. घर सोडताना डिश काढायची, नाही काढली तर हजार-दोन हजार डिपॉझिट जप्त. याहून चांगलं म्हणजे एकाच सामायिक डिशवरून सगळ्या घरांना वायर देता येते, त्याचं सामान कंपन्याच पुरवतात. वीस छत्र्यांऐवजी दोन-तीन. सौंदर्यही राहील. हे उपाय कोणी सुचवत का नाही? कारण "नाही" म्हणायला खर्च येत नाही आणि ज्याला "नाही" म्हणायचं त्याला सभेत मत नाही.

"मग केबल घ्या की!" हे ठरलेलं उत्तर. कुठली केबल? बऱ्याच ठिकाणी सोसायटीने एकाच केबलवाल्याला आत येऊ दिलेलं असतं. 2019 च्या फेब्रुवारीपासून ट्रायच्या नव्या नियमांनी ग्राहकाला हवी ती वाहिनी निवडून तेवढ्याचेच पैसे द्यायची मुभा दिली. कागदावर निवड ग्राहकाची. प्रत्यक्षात ती निवड गच्चीच्या कुलपापाशी संपते.

"आता कोण टीव्ही बघतं, मोबाइल आहे, इंटरनेट आहे." हे म्हणणाऱ्यांच्या घरी बहुतेक साठीच्या पुढचं कोणी नसावं. माझ्या आईला रिमोटचा एक आकडा पाठ आहे. तो दाबला की बातम्या. अ‍ॅप उघडा, पासवर्ड टाका, अपडेट करा, हे तिला का करायला लावायचं? आणि सगळ्यांना जमेल एवढं स्वस्त इंटरनेटही नाही. मुद्दा इथेच येतो. या देशातला सगळ्यात स्वस्त टीव्ही म्हणजे डीडी फ्री डिश. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही, एकदाच काय तो बॉक्सचा आणि छत्रीचा खर्च. त्यावर सह्याद्रीही दिसते. तो घेणारे कोण? एका खोलीत तिघं राहणारी नोकरीची पोरं, हॉस्पिटलातल्या नर्स, रात्रपाळीचे ड्रायव्हर. पण त्याला डिश लागतेच, दुसरा मार्ग नाही. म्हणजे गच्ची बंद केली की सगळ्यात आधी कोणाचा टीव्ही बंद होतो, बघा. ज्याच्याकडे पैसा आहे तो मोठं इंटरनेट घेऊन मोकळा होतो.

आणि भाषेचं काय? आमच्या मजल्यावर एक ओडिया जोडपं राहायचं. केबलवाल्याकडे त्यांच्या भाषेची एकही वाहिनी नव्हती, "मागणी नाही" म्हणाला. डिशवर होत्या. आपल्याला त्यांचं काय, असं वाटत असेल तर उलटं करून बघा. बंगळुरूत, हैदराबादेत भाड्याने राहणारी आपली मराठी कुटुंबं कमी आहेत का? तिथे एखादा सेक्रेटरी "मराठी वाहिनी हवी कशाला, इथली बघा" म्हणाला तर आपण इथे किती पोस्टी टाकू!

बाहेर या प्रश्नावर कोर्टकचेऱ्या झाल्यात. अमेरिकेत 1996 मध्ये नियम आला आणि 1999 च्या जानेवारीपासून तो भाडेकरूंनाही लागू झाला. ज्या बाल्कनीवर तुमचा एकट्याचा ताबा आहे तिथे एक मीटरपर्यंतची डिश लावायला घरमालक सरसकट मनाई करू शकत नाही. सामायिक गच्चीचा हक्क तिथेही नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो, पण निदान बाल्कनी तरी मोकळी आहे. स्वीडनमध्ये एका इराकी कुटुंबाने मायदेशाच्या भाषेतल्या वाहिन्यांसाठी डिश लावली, मालकाने काढायला सांगितली, त्यांनी ऐकलं नाही म्हणून त्यांना घर सोडावं लागलं. प्रकरण थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि 16 डिसेंबर 2008 रोजी न्यायालयाने त्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. माहिती मिळवण्याचा त्यांचा हक्क मोडला गेला, असं म्हटलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 1995 मध्ये, क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि माहिती मिळणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग आहे, असं सांगून ठेवलंय. तो निकाल सरकारला उद्देशून होता, तुमच्या-आमच्या सेक्रेटरींना नव्हे. त्याची प्रत घेऊन गच्चीवर गेलात तर कुलूप उघडणार नाही.

कुलूप उघडणार ते सभेत. सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. भाडेकरूला तिथे बसायचाही अधिकार नाही. म्हणून ही पोस्ट भाडेकरूंसाठी कमी आणि फ्लॅटमालकांसाठी जास्त आहे. तुम्ही स्वतः एकेकाळी भाड्याने राहिला असाल, तुमची मुलं आज कुठेतरी राहत असतील. सभेची नोटीस निघायच्या आधी सेक्रेटरींना एक पत्र द्या. त्यात एवढंच लिहा की इमारतीत राहणाऱ्या कोणालाही, मालक असो वा भाडेकरू, गच्चीच्या ठरलेल्या कोपऱ्यात स्लॅबला भोक न पाडता डिश ठेवता येईल, वायर डक्टमधून क्लिप मारून न्यावी लागेल, डिपॉझिट सोसायटी ठरवेल, आणि अर्जाचं उत्तर सात दिवसांत लेखी मिळेल. नाही म्हणायचं असेल तर कारणही लेखी. आणि भाडेकरार करताना गिझरच्या ब्रँडखाली एक ओळ वाढवा: "डिश लावण्यास मालकाची संमती आहे." एजंट कुरकुर करेल, "असं कोणी लिहीत नाही" म्हणेल. तरी लिहून घ्या.