व्यापारधर्म : वही बदलली, व्रत नाही



दीपावलीच्या अमावास्येला भगवान महावीरांचे निर्वाण झाले. त्याच पर्वात आपल्या पेढ्यांवर वहीपूजन होते आणि वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष सुरू होते. ज्या दिवसांत आत्म्याच्या मुक्तीचे स्मरण करायचे, त्याच दिवसांत जमाखर्चाच्या वहीवर कुंकू वाहायचे, यामागे पूर्वजांची दृष्टी होती. वही हे व्यापाऱ्याचे वचन आहे, असे ते मानीत. आज ती वही संगणकात गेली आहे आणि दुसऱ्याच्या वहीशी परस्पर बोलूही लागली आहे. या बोलण्यालाच ‘इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज’, संक्षेपाने ‘ईडीआय’ म्हणतात.

ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर बीजक पाठवले, म्हणजे ईडीआय झाले असे नव्हे. तेथे पलीकडे कोणीतरी ते वाचून पुन्हा टंकित करतो. ईडीआयमध्ये एका पेढीचा संगणक ठरलेल्या साच्यात माहिती पाठवतो आणि दुसऱ्या पेढीचा संगणक ती थेट आपल्या हिशेबात घेतो.

भोर-वेल्हे हा भाताचा मुलूख. भोरजवळच्या उत्रोलीतील एखादा गिरणीचालक पुण्यातील मोठ्या दुकानसाखळीला पाकीटबंद इंद्रायणी तांदूळ पुरवतो, अशी कल्पना करू. दुकानातील साठा ठरावीक मर्यादेखाली गेला की तेथील संगणक मागणीपत्र पाठवतो. गिरणीचा संगणक त्याची पोच देतो. गाडी निघण्याआधी रवानगीची सूचना जाते, म्हणून गोदामात कोणता माल किती येणार हे आधीच कळते. मागोमाग बीजक जाते. मागणी, आलेला माल आणि बीजक हे तिन्ही जुळले की रक्कम देण्याचा मार्ग मोकळा होतो.

मात्र यासाठी भाषा एक हवी. मागणीत ‘50’ लिहिले, तर ती 50 पोती की 50 किलो? माणूस सवयीने ओळखतो. यंत्र ओळखत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूला संकेतांक, प्रत्येक मापाला खूण आणि प्रत्येक माहितीला ठरलेली जागा असते. ही गरज 1948-49 च्या बर्लिन वेढ्यात तीव्रतेने जाणवली. विमानांतून येणाऱ्या मालाची कागदपत्रे नाना भाषांतील व नाना नमुन्यांतील होती. अमेरिकी लष्करातील एडवर्ड गिल्बर्ट यांनी त्यांना एकसारखा नमुना दिला. पुढे अमेरिकेत ‘एक्स12’ आणि 1987 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने ‘एडिफॅक्ट’ ही मानके आली.

आपल्या समाजाला हा विचार परका नाही. हुंडीचा मसुदाही ठरलेलाच असे. रकमेत कोणी फेरफार करू नये म्हणून तिची निमपट लिहून ‘त्याची दुप्पट’ असा उल्लेख होई. हुंडी गहाळ झाली तर ‘पैठ’ आणि तीही हरवली तर ‘परपैठ’ देण्याची रीत होती. तपासणीचा आकडा आणि जपून ठेवलेली दुसरी प्रत ही आजच्या संगणकशास्त्राची तत्त्वे आपल्या पेढ्यांवर शाईने पाळली जात होती.

आता हा विषय मोठ्या कंपन्यांपुरता उरलेला नाही. जीएसटीचे ई-बीजक हे याच तत्त्वावर चालते. 1 ऑक्टोबर 2020 रोजी ते 500 कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना लागू झाले. मर्यादा उतरत 1 ऑगस्ट 2023 पासून ती 5 कोटींवर आली. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला दिलेले बीजक ठरलेल्या साच्यात सरकारी पोर्टलवर जाते, तेथून 64 अक्षरांचा नोंदणी क्रमांक व क्यूआर कोड मिळतो. ते रद्द करायचे तर पोर्टलवर मुदत अवघी 24 तासांची. 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदळावर 18 जुलै 2022 पासून कर आहे. म्हणून उलाढाल 5 कोटींहून अधिक असेल, तर उत्रोलीचा गिरणीचालकही या व्यवस्थेबाहेर नाही.

खरा प्रश्न येथे उभा राहतो. पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात बीजक दाखवले नाही, तर खरेदीदाराला त्या कराची वजावट मिळत नाही. 1 जानेवारी 2022 पासून कायद्याची तशी अट आहे. म्हणजे एकाच्या आळसाचा भुर्दंड दुसऱ्याला.  परस्परोपग्रहाचे तत्त्व आपण प्रवचनात ऐकतो. हिशेबाच्या टेबलावर त्याची परीक्षा अशी होते.

आणखी एक गोष्ट. यंत्र साचा तपासते, सत्य तपासत नाही. न पाठवलेल्या मालाचे बीजक नीट साच्यात बसवले, तर तेही स्वीकारले जाईल. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, स्पष्ट नोंदवली आहे. ताडपत्र, वही की पोर्टल, असा भेद तेथे नाही. त्याच यादीत साकारमंत्रभेदही आहे : दुसऱ्याचे गुपित फोडणे. ग्राहकाचे दर आणि त्याच्या मागण्या आता आपल्या संगणकात राहतात. त्यांची राखण हाही व्रताचाच भाग.

व्यवहारात तीन नियम पाळावेत. वस्तू, माप व दर यांची मूळ यादी एकाच जागी आणि एकाच जबाबदार हाती ठेवावी. नव्या ग्राहकाशी ही पद्धत सुरू करताना काही दिवस कागदी नोंदही समांतर चालवावी. आणि दर महिन्याला खरेदीच्या नोंदी जीएसटीच्या विवरणाशी ताडून पाहाव्यात. पासवर्ड केवळ मुलाला ठाऊक आणि वडील अनभिज्ञ, अशी पेढी धोक्यात असते. घरातील दोघांना तरी ही व्यवस्था कळायला हवी. सुना आणि मुली हिशेबात तरबेज आहेत. हा विश्वास त्यांच्यावरही टाकावा.

येत्या वहीपूजनाला संगणकावर कुंकवाचे बोट जरूर लावावे. मात्र त्याआधी वर्षभरातील एकेक नोंद मनाशी तपासावी : हे मी वहीत स्वतःच्या हाताने लिहिले असते का? उत्तर ‘होय’ असेल, तर पूजन सार्थ झाले.