‘डायोसिस’ म्हणजे घरकारभार

५ जुलै २००५ रोजीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं पुणें डायोसिसचा मुलूख तोडून सिंधुदुर्ग डायोसिस स्थापिलें. सिंधुदुर्ग, रत्नागिरी व कोल्हापूर हे जिल्हे त्यांत येतात. बिशपांचें मुख्य चर्च सावंतवाडीस आहे. मराठींत आपण डायोसिसला ‘धर्मप्रांत’ म्हणतों. शब्द सोयीचा खरा. पण ‘प्रांत’ म्हटलें कीं हद्द आणि हुकमत डोळ्यांपुढें उभी राहते. मूळ शब्दाचा भाव निराळा आहे.

ग्रीक भाषेंत ‘ओइकोस’ म्हणजे घर; त्यापासून झालेल्या ‘दिओइकेसिस’चा मूळ भाव घर चालविणें हा. पुढें राज्यकारभारासही तोच शब्द लागूं लागला. रोमन बादशहा डायोक्लीशियन (इ. स. २८४–३०५) याच्या सुधारणांतून साम्राज्याचे बारा मोठे विभाग झाले, ते ‘डायोसिस’, त्यांवरील अधिकारी तो ‘विकारिउस’, म्हणजे दुसऱ्याच्या वतीनें काम पाहणारा. पुढें चर्चनेंही हे दोन्ही शब्द आपलेसे केले. गोव्यांतील ‘विगार’ तो हाच. राज्यकारभाराचें नांव धर्मकारभारास मिळण्याची ही रीत आपल्याकडेही दिसते: १६६४ त शिवाजीमहाराजांनीं मालवणास बांधावयास घेतलेल्या जलदुर्गाचें नांव १९८१ त जिल्ह्यास मिळालें, व जिल्ह्याचें डायोसिसास.

आतां मुद्द्याचें बोलूं. घर चालविणारा तो कारभारी, मालक नव्हे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदासंग्रहांतील ५३७ वें कलम प्रत्येक पॅरिशमध्यें अर्थसमिति असावी असें सांगतें. १२८७ वें कलम भाविकांनीं अर्पिलेल्या द्रव्याचा हिशेब भाविकांसच द्यावा असें बजावतें. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानेंही देऊळ असो वा चर्च, हिशेब ठेवून तो तपासून घेणें भाग पाडलें आहे.

“देवाच्या पैशाचा हिशेब काय मागावयाचा?” असें कोणी म्हणेल. आमच्या व्यापारी वाचकांनींच यास उत्तर द्यावें. दिवाळींत वहीपूजन करणारा दुकानदार भागीदारानें वही पाहावयास मागितली म्हणून अपमान मानीत नाहीं. उलट वही दडविली तरच पेढीची पत जाते. मग दानपेटींत पैसा टाकणाऱ्या कोळ्यास वा शेतकऱ्यास तोच हक्क कां नसावा? आमची सूचना साधी आहे. वर्षाचा जमाखर्च फेस्ताच्या दिवशीं चर्चच्या दारीं आणि जत्रेच्या दिवशीं देवळाच्या दारीं सोप्या मराठींत लावावा. आणि ज्यांच्या हातीं घराचा खरा कारभार असतो, त्या स्त्रियांस हिशेबाच्या समितींत जागा द्यावी. मग ‘डायोसिस’ हा शब्द कोणास समजावून सांगण्याची गरज राहणार नाहीं.