'वैमानिकाची चूक' कोणाच्या सोयीची?

विमानाने धावपट्टीवर वेग घ्यावा, इंजिनात बिघाड व्हावा आणि वैमानिकाने उड्डाण सोडून देऊन विमान जमिनीवरच थांबवावे, असे घडले की दुसऱ्या दिवशी 'वैमानिकाच्या प्रसंगावधानाने अनर्थ टळला' अशी बातमी छापून येते आणि विषय संपतो. पुढे बहुधा त्याच कर्मचाऱ्यांनी तेच प्रवासी घेऊन पुन्हा उडायचे असते. त्या मधल्या तासाभरात काय घडते, याची विचारपूस कोणी करीत नाही. ती होते अपघात झाल्यावर, आणि तेव्हा तिचा निष्कर्ष बहुधा तयारच असतो : वैमानिकाची चूक.

विमान थांबवण्याचा सराव वैमानिकांकडून वारंवार करून घेतला जातो. परंतु थांबल्यानंतर कामांचा जो लोंढा अंगावर येतो, त्याचे काय? 28 ऑक्टोबर 2016 रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग 767 विमानाच्या उजव्या इंजिनातील एक चकती वेग घेतानाच फुटली. वैमानिकांनी विमान थांबवले. उजवीकडे आग भडकलेली, मनोऱ्याशी बोलायचे, इंजिनाच्या आगीची यादी वाचायची, मग विमान रिकामे करण्याची यादी वाचायची. यांतली पहिली यादी, विमान हवेत आहे की जमिनीवर, हा भेदच करीत नव्हती. मागे केबिनमधील कर्मचारी आणि वैमानिक यांचा एकमेकांशी संपर्क होईना. प्रवासी बाहेर पडू लागले तेव्हा डावे इंजिन चालूच होते, आणि त्याच्या झोताने पडून एक प्रवासी गंभीर जखमी झाला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने एका केबिन कर्मचाऱ्याने कार्यपद्धती मोडल्याचे नोंदवले, ते खरेच. पण जमिनीवरील आगीसाठी स्वतंत्र यादी नव्हती, हेही त्याच मंडळाने नोंदवले आहे. असल्या याद्या त्या क्षणी विमानात बसलेली माणसे लिहीत नसतात.

बहुतेक वेळा आग लागत नाही. तेव्हा जे सुरू होते ते डोळ्यांत भरणारे नसते, म्हणून अधिक घातक. भरवेगातील विमानाची गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. ब्रेक अतिशय तापले तर चाकांतील हवा सोडून देणारे प्लग वितळतात. म्हणून तक्ता पाहून ते थंड होण्याचा काळ ठरवावा लागतो. बिघाडाची नोंद करायची, तंत्रज्ञाला समजावून सांगायचे, इंधनाचा व वजनाचा हिशेब पुन्हा पाहायचा, त्रासलेल्या प्रवाशांशी बोलायचे, कंपनीच्या नियंत्रण कक्षाला 'केव्हा निघता?' याचे उत्तर द्यायचे, आणि आपल्या कामाचे तास किती उरले हेही मोजायचे. एवढे सगळे मुख्यतः दोन माणसांनी! विमान जमिनीवर उभे राहिले की पैसे मिळवत नाही, एवढेच कंपनीच्या हिशेबवहीला कळते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याला 'स्थिर भांडवलाचा पुरेपूर वापर' असे सभ्य नाव आहे.

या वापराची किंमत माद्रिदच्या बाराखास विमानतळावर मोजली गेली. 20 ऑगस्ट 2008 रोजी स्पॅनएअरचे एमडी-82 विमान दुपारी एक वाजता ग्रान कानारियाकडे निघायचे होते. धावपट्टीशी पोहोचल्यावर, बाहेरचे तापमान मोजणारे उपकरण जमिनीवरच तापत असल्याचे वैमानिकांना दिसले आणि ते परतले. हे भरवेगात थांबणे नव्हते. परंतु सोडलेल्या उड्डाणानंतरचे दडपण त्याच जातीचे होते. तंत्रज्ञांनी त्या तापकाचा वीजपुरवठा तोडला आणि विमान पुन्हा निघाले. यादीतील फ्लॅपची पायरी येण्यापूर्वीच कॅप्टनने टॅक्सीची परवानगी मागण्यास सांगितले. पायरी राहून गेली. शेवटच्या उजळणीत आकडे म्हटले गेले, पाहिले गेले नाहीत. धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा वाजली नाही. नियोजित वेळेनंतर सुमारे 84 मिनिटांनी विमान कोसळले. 172 पैकी 154 माणसे मृत्युमुखी पडली.

आता खरा प्रश्न. 1987 साली डेट्रॉइटला याच जातीचे विमान फ्लॅप न उघडता उडू पाहताना कोसळले होते. त्यानंतर निर्मात्या कंपनीने ही इशारायंत्रणा प्रत्येक उड्डाणापूर्वी तपासावी, अशी शिफारस केली. स्पॅनएअरच्या कार्यपद्धतीत प्रत्येक उड्डाणापूर्वी ती तपासणी नव्हती. काही सेकंदांचे काम! आणि फौजदारी चौकशीत आरोप कोणावर आला? विमान दुरुस्त करणाऱ्या दोन तंत्रज्ञांवर. 2012 साली न्यायालयाने ते प्रकरण बंद केले. कंपनीचे वेळापत्रक आखणारे त्या यादीत नव्हते.

यावर कायद्याने शोधलेला तोडगा म्हणजे कॅप्टनचा 'विवेकाधिकार'. अनपेक्षित खोळंबा झाला तर युरोपात आणि अमेरिकेतही कॅप्टनच्या संमतीने कामाचा दिवस दोन तासांपर्यंत वाढवता येतो. ऐकायला हा सन्मान वाटतो. पण नकार दिला तर दीडशे प्रवासी अडकतात, पुढच्या खेपा कोलमडतात आणि याचे खापर कोणावर फुटेल, हे कॅप्टनला पक्के ठाऊक असते. असल्या अधिकाराला अधिकार म्हणणे म्हणजे गिरणीतल्या कामगाराला 'जादा पाळी करायची की नाही हे तूच ठरव' असे मुकादमाने सांगण्यासारखे आहे.

आपल्याकडे याहून निराळे चित्र नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2024 साली वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तासांवर नेली आणि रात्री उतरण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली. कंपन्यांनी विरोध केला, अंमल लांबला, आणि न्यायालयात प्रकरण गेल्यावर 2025 च्या जुलै व नोव्हेंबरमध्ये ते नियम दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबर उजाडताच इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. नियम ठाऊक असूनही वैमानिकांची तरतूद पुरेशी केलेली नव्हती. शासनाने 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत त्या कंपनीला रात्रपाळीच्या नियमांतून सूट दिली. कंपनीला पुढे दंडही झाला. पण मधले दोन महिने वैमानिकांच्या झोपेतूनच वसूल झाले.

1867 साली प्रसिद्ध झालेल्या 'भांडवल'च्या पहिल्या खंडात मार्क्सने लंडनमधील एका रेल्वे अपघाताच्या चौकशीचा उल्लेख केला आहे. गार्ड, इंजिनचालक आणि सिग्नलवाला असे तिघे ज्युरीसमोर उभे होते. पूर्वी आठ तासांचे असलेले त्यांचे काम चौदा, अठरा, वीस तासांपर्यंत ताणले गेले होते. कॉकपिटमधला माणूस चांगला पगार घेतो, टाय बांधतो, म्हणून आपण त्या तिघांचा वारस आहोत हे त्यालाही पुष्कळदा उमगत नाही.

करायचे काय, ते अवघड नाही. सोडलेल्या उड्डाणानंतर ठरावीक सक्तीचा विराम असावा. सर्व याद्या पहिल्या ओळीपासून पुन्हा व्हाव्यात. त्या दिवशी कामाचे तास वाढवण्याची मुभाच नसावी. आणि वैमानिक वा केबिन कर्मचारी पुढे जाण्यास नकार देईल तर त्याचे वेतन कापले जाऊ नये, त्याला कारणही विचारले जाऊ नये. तिकीट महागेल, असा आक्षेप येईल. थोडे महागेलही. आज तो खर्च अस्तित्वात नाही असे नव्हे. तो कोणाच्या तरी मेंदूवर आणि डोळ्यांवर लादलेला आहे, एवढेच. वैमानिकांच्या संघटनांनी ही मागणी पुढील करारात घालावी, आणि एकट्याने न घालता जमिनीवरच्या तंत्रज्ञांच्या संघटनांना सोबत घेऊन घालावी. माद्रिदला आरोप त्यांच्यावर आला होता.