मुकुटाखालचे ८९५ दिवस आणि मुंबईची उपनगरे

१/ १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला. प्रजासत्ताक मात्र झाला नाही. २६ जानेवारी १९५० उजाडेपर्यंतचे ८९५ दिवस भारत हे अधिराज्य होते आणि सहावा जॉर्ज हा त्याचा राजा होता. शालेय इतिहास या काळावरून घाईने पुढे सरकतो. वास्तविक ती एक संघराज्यीय घटनात्मक राजेशाही होती, आणि तिची रचना समजल्यावाचून आजचा कारभारही नीट उमगत नाही.

२/ अशा राजेशाहीची पारख दोन प्रश्नांनी होते. राजाच्या नावाने प्रत्यक्षात निर्णय कोण घेतो? आणि केंद्र व घटकराज्ये यांच्यात अधिकारांची वाटणी कशी होते? कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे आजही हीच चौकट आहे. मलेशियात तर नऊ राज्यांचे वंशपरंपरागत शासक दर पाच वर्षांनी आपल्यातूनच एकाला राजा निवडतात.

३/ पहिल्या प्रश्नाचे उत्तर. दिल्लीत राजाचा प्रतिनिधी गव्हर्नर जनरल : आधी माउंटबॅटन, जून १९४८ पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी. कायद्यांना संमती राजाच्या नावाने मिळे, पण निर्णय नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा असे. मुंबई प्रांतात जानेवारी १९४८ मध्ये राजा महाराज सिंग हे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. कारभार मात्र बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या हाती होता.

४/ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर १९३५ च्या कायद्यात होते. तोच कायदा आवश्यक फेरफार करून स्वतंत्र भारताची तात्पुरती घटना म्हणून वापरला गेला. मूळ कायद्यात विषयांच्या तीन याद्या होत्या : केंद्राकडे ५९ विषय, प्रांतांकडे ५४ आणि दोघांच्या सामाईक अखत्यारीत ३६.

५/ १९४८ सालच्या घाटकोपरच्या रहिवाशाला ही वाटणी रोज भेटत असे. ज्या जी. आय. पी. रेल्वेने तो कामावर जाई, ती केंद्राची. टपाल केंद्राचे. पोलीस व जमीन महसूल प्रांताचे. कारखान्यांचे कायदे सामाईक यादीतले. आणि खिशातल्या नाण्यावर मुद्रा सहाव्या जॉर्जची.

६/ या चौकटीत राजांच्या राजापुढे आणखी राजे होते. संस्थानांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय केंद्राकडे सोपवून सामीलनामे केले. पुढे ती एकेक करून विलीन झाली. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात आले.

७/ मग २६ जानेवारी १९५० ने काय बदलले? सत्तेचा उगम बदलला. १९३५ च्या कायद्यात अधिकार ब्रिटिश पार्लमेंटकडून खाली येत होते. नव्या घटनेने ते भारतीय लोकांपासून सुरू केले, मूलभूत हक्क दिले, प्रौढ मताधिकार दिला. मात्र तीन याद्यांची पद्धत राहिली, राज्यपालपद राहिले. मुकुट उतरला, त्याखालचा सांगाडा बराचसा तसाच उभा राहिला.

८/ त्या सांगाड्याचा धोका मुंबईने आधीच अनुभवला होता. १९३५ च्या कायद्याच्या कलम ९३ नुसार गव्हर्नरला प्रांताचा कारभार स्वतःकडे घेता येई. १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर १९४६ पर्यंत तसाच कारभार चालला. सत्ता वरून येते तेव्हा ती वरूनच परतही घेता येते, हा त्याचा धडा.

९/ उपनगरांच्या बाबतीत हा धडा अजून संपलेला नाही. स्थानिक स्वराज्य हा विषय १९३५ मध्ये प्रांतांच्या यादीत होता. आज तो राज्यसूचीत आहे. अंधेरी व घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली, ती विधिमंडळाच्या कायद्याने. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिकांना घटनेत स्थान दिले. तरी प्रभाग किती असावेत हे राज्यच ठरवते. मुंबईत ही संख्या २२७ वरून २३६ आणि पुन्हा २२७ अशी फिरली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिचा कारभार प्रशासकाकडे राहिला.

१०/ कुणी म्हणेल, न्यायालयीन वाद होते, आरक्षणाचा पेच होता. ते खरेच आहे. परंतु विधानसभेची निवडणूक इतकी वर्षे लांबणे आज कुणाला कल्पनेतही सहन होणार नाही. नगरसेवकांची लांबली आणि रेल्वेगाड्या भरून धावत राहिल्या. प्रजासत्ताकाची कसोटी राष्ट्रप्रमुखाच्या निवडीपाशी संपत नाही. सर्वांत खालच्या पायरीवरचे सभागृह रिकामे ठेवण्याची मुभा वरच्या पायरीला असावी काय, हा १९५० मध्ये अर्धवट सुटलेला प्रश्न आहे. त्याचे उत्तर मागण्याचा पहिला हक्क अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपरच्या मतदारांचा आहे.