अंगणापलीकडे : जागा सोडून सगळं सांगतो



मागच्या खेपेला न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समधल्या ट्री फ्रॉगचा फोटो पाठवला आणि विचारणा सुरू झाली, "नेमका कुठे सापडला? या शनिवारी जाऊन येतो." जागा सांगणार नाही, राग मानू नका. कारण पुढे येईलच. पण शोधायचा कसा आणि फोटो काढायचा कसा, हे हातचं न राखता सांगतो.

आधी ओळख. पाइन बॅरन्स ट्री फ्रॉग जेमतेम दीड इंचाचा. अंग पोपटी आणि नाकापासून डोळ्यावरून कुशीपर्यंत जांभळट पट्टा, त्याला पांढरी कड. पोपटी पैठणीला जांभळा काठ म्हणा ना! मांडीच्या आतली नारिंगी झाक फक्त उडी मारताना दिसते. न्यू जर्सी, दोन्ही कॅरोलायना आणि फ्लोरिडा-अलाबामाची सीमा, एवढाच याचा मुलूख. पाइन बॅरन्समधलं पाणी बिनदुधाच्या चहासारखं दिसतं आणि चांगलंच आम्लधर्मी असतं. इतर बऱ्याच बेडकांच्या पिल्लांना ते मानवत नाही, याच्या पिल्लांना चालतं. म्हणून तर हा तिथे टिकून आहे.

शोधायचा तो कानाने. मे ते जुलै, उबदार दमट रात्र, आदल्या दिवशी पाऊस झालेला असेल तर उत्तम. आपल्याकडचं "डराव डराव" विसरा. हा "क्वांक, क्वांक" करतो, सर्दी झालेल्या बदकासारखा. ग्रे ट्री फ्रॉगची मात्र लांब थरथरती शीळ असते. त्याच्यासाठी रानात जायचीही गरज नाही, कित्येकदा तो घराच्या डेकवर दिव्याखाली किडे खायला येऊन बसतो.

तुम्ही जवळ गेलात की सगळे गप्प होतात. तेव्हा बॅटरी बंद करून पाच-दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. एकाने तोंड उघडलं की बाकीचे सुरू होतात. एकट्याला आवाजाची दिशा कळते, अंतर कळत नाही. म्हणून दोघांनी दहा-बारा पावलांवर उभं राहून आवाजाच्या दिशेने बॅटरी धरायची. दोन झोत जिथे एकमेकांना छेदतात, तिथे बेडूक. मी आणि माझी मुलगी असंच करतो. माझ्यापेक्षा तिचा कान तिखट आहे, हे कबूल करतो.

आता फोटो. नव्वद-शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स असेल तर छान. एफ-आठ ते अकरा, शटर एक-दोनशेअंश आणि फोकस डोळ्यावर. फ्लॅशचा उजेड थेट पडला तर ओल्या कातडीवर पांढरे डाग उठतात, म्हणून समोर काहीतरी पांढरं धरायचं. आपल्या घरोघरी योगर्टचे रिकामे डबे साठवलेले असतातच. त्यातलंच एक पांढरट झाकण मी रबरबँडने लावतो. बायको म्हणते, त्या डब्यांचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला :-)

बेडकाच्या उंचीवर कॅमेरा आणा, वरून काढलेल्या फोटोत जीव नसतो. पाच-सहा क्लिक झाले की निघा.

आता जी गोष्ट सांगायला लाज वाटते ती. 2009 साली माझा पहिला ग्रे ट्री फ्रॉग सापडला. तो बसला होता वाळक्या फांदीमागे, नीट दिसेना. मी सरळ उचलला आणि एका देखण्या पानावर ठेवला. गोचिडांच्या भीतीने हातांना डास-गोचिडांचं औषध फासलेलं होतं, ते लक्षातही आलं नाही. फोटो झकास आला. मोठा करून हॉलमध्ये लावला, येणारा-जाणारा वाहवा करायचा. पुढे वाचनात आलं, की बेडूक कातडीतून पाणी पितो, थोडाफार श्वासही घेतो, आणि ते औषध त्याच कातडीतून आत जाऊन त्याला घातक ठरू शकतं. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिने विचारलं, "बाबा, मग त्याचं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. फोटो भिंतीवरून उतरवला.

तेव्हापासून घरचे नियम ठरले. औषध कपड्यांवर, हाताला नाही, आणि पँट मोज्यात खोचलेली. बेडकाला हात लावायचा नाही, फांदी वाकवायची नाही. मोबाइलवर आवाज वाजवून बोलवायचं नाही, कारण नर तासाला शेकडो वेळा ओरडून आधीच दमलेला असतो. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जायच्या आधी बूट धुवून वाळवायचे. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी चिखलातूनही पसरते.

आणि जागा सांगायची नाही. हा बेडूक न्यू जर्सीच्या संकटग्रस्त यादीत आहे, त्याला पकडणं किंवा छळणं कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा रात्री दलदलीत उभा नसतो. वीस माणसं एकाच डबक्याच्या काठावर फिरली तर तिथलं शेवाळ तुडवलं जातं, आणि त्याचा संसार तर तिथेच. हो, मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद आपोआप होते. पाठवण्याआधी ती काढून टाका.

हे फक्त इथलंच नाही. मी सावंतवाडीचा, आंबोली आमच्या डोक्यावर. तिथल्या झुडपातल्या इवल्याशा बेडकाला शास्त्रीय नाव मिळालं तेही 2009 मध्येच. त्याच्या अंड्यातून शेपटीवालं पिल्लू नाही, थेट बारकासा बेडूकच बाहेर येतो. लहानपणी पावसात आम्ही त्याचं टिकटिकणं ऐकत असू, पण कोण ओरडतंय ते विचारावंसंही वाटलं नाही. आता पावसाळ्यात तिथे कॅमेरेवाल्यांची गर्दी असते. जुलैत घरी जाणार असाल तर जरूर जा, फक्त हात खिशात ठेवा.

आणि मंडळी, स्वतः शोधलेला बेडूक फार गोड लागतो. (खायला नाही हो!) माझा मला तिसऱ्या उन्हाळ्यात दिसला. तुम्हाला त्याआधी दिसला तर कळवा. फक्त कुठे ते कळवू नका.

आपला,
बेडूकवेडा