झाकण आहे, पण बसतं का?

मैत्रिणींनो, तुपाच्या बरणीचं झाकण लोणच्याच्या बरणीवर गेलं तर आपल्याला चैन पडत नाही. पण ज्या पाण्यावर सगळं घर चालतं, त्या अंगणातल्या टाकीचं झाकण शेवटचं कधी निरखून पाहिलंत? मीही पाहिलं नव्हतं. त्याची शिक्षा मिळाली ती धाकट्याला.

२०२४ च्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. पाच दिवस दवाखान्यात काढून घरी आलो, तर दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेच्या आरोग्यसेविका बॅटरी घेऊन दारात. मी जरा ठसक्यातच म्हटलं, "आमच्या टाकीला झाकण आहे हो ताई. चार महिन्यांपूर्वीच नवं केलंय." त्यांनी आत उजेड टाकला आणि मला जवळ बोलावलं. स्वच्छ पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. "झाकण आहे ताई, पण बसत नाही," एवढंच त्या म्हणाल्या. एका कोपऱ्यात बोटभर फट होती आणि तिथे सासूबाईंनी विटेचा तुकडा ठेवला होता. मुलाला चावलेला डास आमचा की शेजारचा, कोण सांगणार? पण अळ्या आमच्या होत्या!

डेंग्यूचा डास गटारात नाही, आपण साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मादी टाकीच्या भिंतीला, पाण्याच्या पातळीच्या जरा वर अंडी चिकटवते. आपल्या हवेत अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून भिंती घासायच्या. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी भिंतीलाच राहतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात.

आता माझी चूक सांगते. ब्लाऊज शिवताना मापाला जुना ब्लाऊज देतो ना, तसं मी वेल्डिंगवाल्याला जुनं झाकण दिलं. ते गंजून वाकलेलं. त्याने बिचाऱ्याने हुबेहूब तसंच करून दिलं! तेव्हा माप घ्यायचं ते टाकीच्या तोंडाचं, जुन्या झाकणाचं नव्हे.

माप असं घ्यावं :

१. शिवणाची कापडी टेप नको, ती वापरून ताणलेली असते. पोलादी टेप घ्यावी आणि सगळी मापं एक तर इंचांत, नाहीतर सेंटिमीटरमध्ये. मिसळ करू नये.

२. तोंड चौकोनी असेल तर कठड्याच्या बाहेरून चारही बाजू मोजाव्यात. मग दोन्ही कर्ण मोजावेत. आमच्या टाकीच्या चारही बाजू २४ इंच. पण एक कर्ण ३३, दुसरा ३५! म्हणजे गवंड्याने तोंड तिरकं बांधलेलं. काटकोनी झाकण तिथे बसणार कसं?

३. तोंड गोल असेल तर काठाभोवती सुतळी गुंडाळून ती मोजावी आणि ३.१४ ने भागावं. सुतळी ६३ इंच भरली, तर व्यास साधारण २० इंच.

४. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वर्तमानपत्राचे कागद चिकटवून तोंडावर पसरावेत, काठ पेन्सिलीने आखून कापावेत. 'पुढची बाजू' आणि 'वरची बाजू' असं लिहून तो नमुना कारागिराला द्यावा. यंदा मी तसंच केलं.

झाकणाला खाली वळणारी दोन इंचांची पट्टी हवी आणि ती कठड्याच्या बाहेरून उतरायला हवी. पट्टी सहज उतरावी म्हणून चारही बाजूंनी पाव इंच जास्त ठेवायला सांगावं, आणि ती फट आतून रबरी पट्टी चिकटवून बंद करावी. वरचा भाग किंचित उतरता हवा, नाहीतर झाकणावरच पावसाचं पाणी साचतं आणि डासांची तिथेच सोय होते.

आता झाकण कशाचं? सिमेंटचं भक्कम खरं, पण एकटीला उचलत नाही. मग 'पुढच्या रविवारी धुऊ' होतं. साधा लोखंडी पत्रा आतून वाफेने गंजतो. जी.आय. पत्रा बेताच्या खर्चात बरा, स्टेनलेस स्टील उत्तम पण महाग. मी जी.आय. घेतला. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीला मात्र त्याच कंपनीचं, तेवढ्याच लिटरच्या टाकीचं झाकण मागावं. दुसरं घेतलं तर आटे जुळतीलच असं नाही. ते अपारदर्शक असावं. उजेड आत गेला की शेवाळ धरतं.

झाकण नीट बसलं तरी डासाला आणखी एक दार उरतं, ते म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याचा पाइप. त्याच्या तोंडाला बारीक जाळी किंवा जुन्या सुती साडीचा दुहेरी तुकडा घट्ट बांधावा.

आणि एक कळकळीची गोष्ट. टाकी जमिनीत असेल आणि घरात रांगतं, पळतं मूल असेल, तर झाकणाला बिजागरी, कडी आणि कुलूप हवंच. किल्ली मोठ्यांच्या हाताशी, खिळ्याला. त्यासाठी वेल्डिंगवाला जे जास्तीचे पैसे घेईल, त्यात घासाघीस करू नका.

नवं झाकण बसवलं त्या दिवशी सासूबाईंनी विटेचा तुकडा उचलला आणि तुळशीपाशी ठेवला. आता दर रविवारी धाकटा स्वतः झाकणाच्या कडेने कागदाची चिठ्ठी सरकवून बघतो. चिठ्ठी आत गेली नाही की ओरडतो, "आई, पास!"

तुमची टाकी पास आहे का? हा अंक खाली ठेवा आणि आधी बघून या.